चांदीच्या नॅनोकणांमुळे पाण्याची वाहकता एवढी वाढते का?

पिवळं_द्रावण: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सिल्व्हर नायट्रेट, सोडियम सायट्रेट आणि सोडियम बोरोहायड्राइड घेऊन चांदीचे नॅनोकण केलेत. चांदी 0.25 मिलिमोलर. रंग सुरेख पिवळा आला. नुसत्या डीआय (आयन काढलेल्या) पाण्याला मीटर 1 मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या आसपास दाखवत होता, आता दीडशेच्या वर दाखवतोय. मॅक्सवेलच्या सूत्रातून (द्रवात विखुरलेल्या कणांमुळे वाहकता किती बदलेल ते सांगणाऱ्या) एवढी वाढ निघतच नाही. कणांच्या साखळ्या होत असतील का? आमच्या सरांना तरी परकोलेशनच वाटतंय, म्हणजे कण एकमेकांना टेकून प्रवाहाला सलग वाट मिळणं.

तारजोड: परकोलेशनच. कार्बन नॅनोट्यूब 0.1 टक्क्याहून कमी असल्या तरी होतं.

जुना_लॅबवाला: अहो, नॅनोट्यूब लांबलचक असतात, म्हणून थोड्यात एकमेकींना टेकतात. इतस्ततः पसरलेल्या गोल कणांना आकारमानाच्या 16 टक्क्यांच्या आसपास जावं लागतं. तुमची चांदी किती आहे? 0.25 मिलिमोलर म्हणजे आकारमानाने साधारण 0.00026 टक्के! शिवाय सायट्रेटच्या ऋणभारामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात. खरंच साखळ्या झाल्या असत्या तर पिवळा रंग टिकला नसता, द्रावण करडं पडलं असतं.

आता बीकरमध्ये उरलेलं बघा. सोडियम, नायट्रेट, सायट्रेट, बोरेट. एवढ्या आयनांना दीडशे म्हणजे काहीच नाही. चांदी न घालता त्याच प्रमाणात सोडियम नायट्रेट आणि बाकीचं सगळं घालून एक कोरं द्रावण करा आणि मोजा. दुसरं, 10 किलोडाल्टनच्या फिल्टरमधून (आयन जाऊ देणारा, पण कण अडवणारा) थोडं गाळा. साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये इतके बारीक कण खाली बसत नाहीत, त्या नादी लागू नका. फिल्टर आधी डीआय पाण्याने नीट धुवा. खाली आलेलं पाणी बिनरंगी हवं, पिवळसर दिसलं तर कण निसटलेत. त्या पाण्याचा आकडा मूळ द्रावणाच्या जवळपास आला की प्रश्न मिटला.

पिवळं_द्रावण: आणि आयन काढून टाकले तर? मॅक्सवेलप्रमाणे कणांच्या आकारमान-अंशाच्या तिप्पट वाढ दिसेल ना?

जुना_लॅबवाला: नाही. ते सूत्र प्रवाह कणाच्या पृष्ठभागातून बिनदिक्कत आरपार जातो असं धरतं. पाण्यात प्रवाह वाहतात आयन, चांदीत इलेक्ट्रॉन. तिथे रासायनिक अभिक्रिया झाल्याशिवाय एकाचा भार दुसऱ्याकडे जात नाही. मग कणाभोवती आयनांचा थर साठतो आणि प्रवाह कणाला वळसा घालतो. मीटर किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला प्रत्यावर्ती प्रवाह वापरतो, त्यात धातूचा कण जवळजवळ विद्युतरोधकासारखा वागतो, म्हणजे उलट किंचित घट व्हायला हवी. पृष्ठभागालगतचे आयन ती थोडीफार भरून काढतात, हे वेगळं. कण धातूचा आहे हे दिसायला लागतं मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, कारण तेवढ्या वेळात तो थर भरतच नाही. अर्थात तुमच्या प्रमाणात घट काय नि वाढ काय, मीटरला दोन्ही कळणार नाहीत.

पिवळं_द्रावण: कोरं द्रावण आजच करते. फिल्टर शेजारच्या लॅबमध्ये मागावा लागेल.