बोअरच्या पाण्यात फ्लोराईड, मग पोराला फ्लोराईडची पेस्ट द्यायची का?

आरवची आई
आम्ही पांढरकवड्याजवळ राहतो, यवतमाळ जिल्हा. मुलगा साडेचार वर्षांचा, दोन दाढा किडल्या म्हणून डॉक्टरांनी भरल्या आणि फ्लोराईडवाली पेस्ट वापरा, दर सहा महिन्यांनी वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराईडचा पातळ थर) लावून घ्या म्हणाले. पण इकडे कितीतरी जणांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, ते फ्लोराईडनेच होतात ना? सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडूनच जातील, कशाला एवढं. रात्री झोप येत नाही या विचाराने, कोणीतरी नीट सांगा.

दातांची डॉक्टर, अमरावती
ताई, डाग फ्लोराईडने पडतात आणि पेस्टमधलं फ्लोराईड कामाचंही असतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डाग पडतात ते पोटात गेलेल्या फ्लोराईडने, कारण कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात, साधारण आठ वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जास्त फ्लोराईड गेलं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, बिघडतं. पेस्टचं काम वरून असतं, किडायला लागलेल्या इनॅमलला ते परत घट्ट करतं. म्हणून पेस्ट गिळू द्यायची नाही. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी, ब्रश तुम्हीच करून द्या आणि थुंकायला लावा. वार्निश म्हणाल तर ते अगदी थोडं लागतं, दाताला चिकटून राहतं, त्याची भीती नको. पण तुमच्या भागात आधी पाणी तपासा, आकडा डॉक्टरांना दाखवा, पेस्ट कोणती ते त्यावरून ठरेल.
आणि दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात हो, लवकर काढाव्या लागल्या तर कायमच्या दातांची जागा जाते.

किनवटचा दादा
आमच्याकडेही हाच त्रास. पाण्याचा नमुना भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत द्या, लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, त्याच्या वर असेल तर ते पाणी पोरांना पाजू नका. आणि उकळून काही होत नाही बरं का, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. आरओने कमी होतं. आम्ही आता पिण्याला आणि स्वयंपाकाला दोन्हीला आरओचंच वापरतो, भात वरण पण त्यातच, कारण लेकरू दिवसभरात तेच खातं.

आरवची आई
उकळलेलंच देत होते मी आजपर्यंत!! सोमवारी नमुना घेऊन जाते. तो रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो, त्याने पण दात किडतात का?

दातांची डॉक्टर, अमरावती
हो ताई, बरेचदा तेच मूळ कारण असतं. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध रात्रभर दातावर बसून राहतं. दूध आधी पाजा, मग ब्रश, मग फक्त पाणी. पहिले चार-पाच दिवस रडेल, तरी धरून राहा.