लक्षद्वीप सहल (जानेवारी) : आपल्या ग्रुपवर काल रात्री

किर्तने ताई, बी-३०४: ए-१०२ ने अंदमानचे जुने फोटो टाकलेत, ते पाहिले. नील बेटावर ओहोटीत मुलगा पोवळ्यावर उभा आहे आणि हातात पोवळ्याची फांदी. तीच फांदी त्यांच्या फिशटँकमध्ये आहे, गौरीच्या हळदीकुंकवाला बघितली मी. लक्षद्वीपला हेच होणार असेल तर माझं नाव यादीतून काढा.

ए-१०२ वहिनी: ताई, फोन केला असतात तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर कशाला? आणि ती तोडलेली नाही, वाळूत पडलेली होती. टूरवाला म्हणाला चालतं.

कुलकर्णी काका, सचिव: लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. ओळखपत्राची प्रत आणि २ फोटो रविवारपर्यंत ऑफिसात द्यावेत. १४ पैकी ९ जणांचे आले.

सी-२०१ मंदार: काका, दारूबंदी आहे ना तिथं? 😄

डी-४०३ शेखर: बंगारम बेट सोडून सगळीकडे. तुझा परवाना आपोआप रद्द.

किर्तने ताई, बी-३०४: चालत नाही वहिनी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ, म्हणजे हेच पोवळं, पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथेच. पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. त्याच्या खोबणीत बारकी मासळी आणि खेकडे राहतात, आणि पुढं त्याचीच वाळू होते. ती बेटंच पोवळ्याच्या चुऱ्याची आहेत. लक्षद्वीपच्या कडमत बेटावर पाण्यात डोकं घातलं तेव्हा आधी मला आवाज आला, कुणी शेजारी बसून कडक चकली खातंय असा. बघते तर हिरवा-निळा पोपटमासा चोचीनं पोवळं खरवडत होता. थोडं पुढं गेला आणि मागून पांढऱ्या वाळूची रेघ सोडली. पाच मिनिटं मी हललेच नाही.

जी-१ आजी: किती छान लिहिलंस गं. मला पोहता येत नाही, मी आले तर चालेल का?

किर्तने ताई, बी-३०४: चालेल आजी. काचेच्या तळाची होडी असते, बसून सगळं दिसतं.

डी-४०३ शेखर: मालवणला किल्ल्यापाशी आपण स्नॉर्केलिंग केलंच की. तिथंही पोवळी आहेत. एवढा बाऊ कशाला? आणि मालवणच्या सहलीचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही, सहज आठवण करून देतो.

कुलकर्णी काका, सचिव: हिशोब नोटीस बोर्डावर ३ महिने होता. आपण वर बघत नाही.

किर्तने ताई, बी-३०४: शेखर, बाऊ नाही. समुद्र तापला की पोवळं ज्याच्यावर जगतं ते आपल्या अंगातलं शेवाळच बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला हे झालं. गोळ्यासारखं पोवळं वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतं. त्यातून जे वाचलंय त्यावर आपण १४ जणांनी पाय द्यायचा का?

बी-१०१ जोशी: शाकाहारी जेवणाचं काय ठरलं? तिसऱ्यांदा विचारतोय.

सी-२०१ मंदार: मिनिकॉय बेटावर टुना खाल्लाच पाहिजे जोशीकाका, गळानं एकेक धरलेला! तिथं १८८५ चं दीपगृहही आहे.

बी-१०१ जोशी: मी जेवणाचं विचारलं, दीपगृहाचं नाही.

ए-३०२ सुनीता: तिथं पाणी येतं ना दिवसभर? इथं टँकरचे पैसे भरून रोज दुपारी नळ कोरडा. डी विंगला गाड्या धुवायला मात्र मिळतं.

डी-४०३ शेखर: मी बादलीनं धुतो, पाईपनं नाही. उगाच नाव घेऊ नये.

किर्तने ताई, बी-३०४: सुनीता, तिथं नदी नाही, ओढा नाही. पावसाचं गोडं पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरानं तरंगतं, जास्त उपसलं की विहीर खारट होते. म्हणून कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प झाला, दिवसाला १ लाख लिटरचा. खोल समुद्रातलं गार पाणी वर आणून वाफ थंड करतात. दोनदा शॉवर तिथं नको.

कुलकर्णी काका, सचिव: परवान्यासाठी ओळखपत्राची प्रत आणि २ फोटो रविवारपर्यंत. १४ पैकी ९.

ए-१०२ वहिनी: ताई, आमचा अद्वैत मघापासून तुमचे मेसेज मोठ्यानं वाचतोय. त्यानं टँकमधली फांदी काढून वर्तमानपत्रात गुंडाळली. म्हणतो समुद्रात परत टाकूया. करायचं काय तिचं?

किर्तने ताई, बी-३०४: इथं खाडीत नको टाकायला, वहिनी. उद्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करू, मी येते बरोबर. त्याला रागावू नका. आणि मघाशी सगळ्यांसमोर बोलले, त्याबद्दल मनापासून सॉरी.

ए-१०२ वहिनी: ११ ला निघू. आधी चहाला या.

जी-१ आजी: कुलकर्णी, माझे फोटो जुने आहेत, केस काळे असतानाचे. चालतील का?

कुलकर्णी काका, सचिव: नवीन काढा आजी. १४ पैकी ९.