रॉनी जॉर्डनचा 'दि अँटिडोट': जॅझ की नुसता ठेका?

अनाहत:
गिटार शिकतेय. सध्या ब्रिटिश गिटारवादक रॉनी जॉर्डनचा 'दि अँटिडोट' (१९९२) हा पहिलाच अल्बम सारखा ऐकते. आमच्या सरांच्या मते यात जॅझ नाही, हिपहॉपच्या ठेक्यावर चार गोड सुरावटी आहेत फक्त. मला पटत नाही, पण मुद्दा मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

सहावी_तार:
या अल्बममधलं 'सो व्हॉट' घ्या. मूळ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं, १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं. त्यात कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांची) धावपळच नाही. सोळा बार (चार-चार ठोक्यांचे भाग) डी डोरियन (डीपासून सुरू होणारी एक स्वरपंक्ती), आठ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी. गिटारवर म्हणाल तर सगळं एक फ्रेट (दांडीवरचा एक पडदा, म्हणजे अर्धा सूर) वर सरकतं आणि परत येतं. जॉर्डनने ठेक्याखाली नेमकी हीच रचना आणली, ही त्याची खरी समज! दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलणारी बीबॉपची (वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझची) चीज घेतली असती, तर ठेका आणि गिटार एकमेकांच्या पायात आले असते. इथे सूर एका जागी ठाम राहतात, म्हणून ठेका मोकळा श्वास घेतो. ऑक्टेव्हमधल्या (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) ओळी आल्या की जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी आठवतोच. याला जॅझ नाही तर काय म्हणायचं? प्रोग्रॅम केलेले ड्रम्स सरांना रुचत नसतील, तर ती आवडीनिवडीची गोष्ट झाली.

खर्ज:
सहमत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लंडनचे डीजे जुन्या सोल-जॅझच्या तबकड्यांवर लोकांना नाचवत होते. जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर यांनी 'ॲसिड जॅझ' हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढलं ते १९८७ साली. जॉर्डन त्याच लंडनचा. हे 'सो व्हॉट' ब्रिटनच्या टॉप ४०मध्ये गेलं होतं, वाद्यसंगीत असून!

अनाहत:
फ्रेटचं लगेच वाजवून पाहिलं, खरंच तसंच आहे. आता सराव कसा करू?

सहावी_तार:
साधा ड्रम लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेका) लावा, फार जलद नको. डी डोरियन म्हणजे डी ई एफ जी ए बी सी, एवढेच सूर. दोन बार वाजवा, दोन बार हात उचलून ठेवा. त्या गप्प बारांत लूप नीट ऐका, पुढचं वाक्य तिथूनच सुचतं. सतराव्या बारला एक फ्रेट वर जायचं, पंचविसाव्याला खाली. आणि गुरू नावाच्या अमेरिकन रॅपरच्या 'जॅझमटॅझ' अल्बममधलं (१९९३) 'नो टाइम टू प्ले' मिळवून ऐकाच. त्यात रॅपच्या जोडीला जॉर्डनची गिटार आहे.