राकायात सामनसाठी कधी उतरावं?

न्यूझीलंडच्या राकाया नदीत सामन (सॅल्मन) मासे धरायला कोणता महिना चांगला, असा प्रश्न आहे. जानेवारी ते मार्च. पण तारखेपेक्षा पाणी बघा. डोंगरात वायव्येचा वारा पाऊस घेऊन आला की नदी राखाडी होऊन फुगते. ती ओसरताना पाण्याला निळसर झाक येते, गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक अंधुक दिसू लागतं. तेव्हा गळ टाका. पूर प्रवाहांच्या वाटाच बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या उतारावर (पायी ओलांडायच्या उथळ जागेवर) विसंबून एकट्याने नदी ओलांडू नका, कृपया. फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) तळव्याचे बूट घालायला तिथे बंदी आहे, कारण त्यांतून डिडिमो नावाचं शेवाळ पसरतं. सामन फार घटलेत. २०२१ मध्ये अख्ख्या हंगामाला माणशी २ माशांची मर्यादा आली, ती मला अगदी योग्य वाटते. यंदाचा नियम परवाना घेताना वाचाच.