तळटीपेतलं 'इबिड.' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतंय

प्रबंधग्रस्त: टीप ४१ मध्ये एका पुस्तकाचा पूर्ण संदर्भ होता, ४२ मध्ये 'इबिड., पृ. ८८', म्हणजे त्याच पुस्तकाचं पान ८८. मागाहून एक लेख सापडला, त्याची टीप मी मधे घुसवली. ४२ ची झाली ४३ आणि तिचं 'इबिड.' आता त्या लेखाला चिकटलंय. लेख पान १७ ते ३१, अठ्ठ्याऐंशीवं पान येणार कुठून? सरांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. 'ऑप. सिट.' आणि 'लॉक. सिट.'ही मी इतरांचं बघून ठोकून दिलेत. फरक काय असतो?

मुद्रितशोधक: मुद्रितं तपासताना 'इबिड.'ने मला ऱ्हस्व-दीर्घापेक्षा जास्त छळलंय. मूळ शब्द 'इबिडेम', म्हणजे 'त्याच ठिकाणी', आपलं 'तत्रैव'. ते फक्त लगेच वरच्या टीपेशी बांधलेलं असतं. त्या टीपेत दोन पुस्तकं असतील तर वापरूच नका, कुठलं ते कळत नाही.

'ऑप. सिट.' म्हणजे 'उल्लेख केलेल्या ग्रंथात', मराठी प्रबंधांत 'उनि.' लिहितात ते. आधी लेखकाचं आडनाव, पुढे पान. पण त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलं की वाचक बसला चाळत. 'लॉक. सिट.' म्हणजे पुस्तकही तेच आणि पानही तेच. त्याच्यापुढे पृष्ठांक दिला असेल तर आजच खोडा.

माझं ऐकाल तर तिघांनाही निरोप द्या. आडनाव, शीर्षकाचे दोन-तीन शब्द, पान. टीप कुठेही सरकली तरी बिघडत नाही. संदर्भलेखनाचे नियम देणाऱ्या शिकागो मॅन्युअलच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही 'इबिड.'पेक्षा यालाच पसंती दिली आहे. विभागाचा नियम मात्र आधी विचारा.

कलम_कारकून: आम्हा कायदेवाल्यांच्या संदर्भपद्धतीत, म्हणजे ऑस्कोलाच्या चौथ्या आवृत्तीत, 'इबिड.' चालतं, 'ऑप. सिट.' नाही, आधीच्या टीपेचा क्रमांक देतात. तो हाताने टाइप करू नका, वर्डमधला क्रॉस-रेफरन्स घाला. टीपा सरकल्या की कर्सर तळटीपेत ठेवून सगळं निवडा आणि एफ९ दाबा, क्रमांक ताजे होतात. कर्सर वरच्या मजकुरात राहिला तर तळटीपा निवडल्याच जात नाहीत. मी एक अख्खी रात्र यात घालवलीय.

प्रबंधग्रस्त: सरांना विचारलं, आडनाव-शीर्षक चालेल म्हणाले. सगळे 'इबिड.' शोधले: ६३. पाच भलतीकडे निघाले. त्यातलं एक तर चौथ्या प्रकरणाच्या टीप १ मध्ये. मोठं प्रकरण तोडून दोन केली होती, तेव्हा तिथे आलं असणार. त्याच्या वर काहीच नाही!