चौसष्ट ट्रॉफ्या आणि बाथरूमचं दार: कार्यकर्त्यांच्या कौतुकाचे तुमचे अनुभव सांगा

आमच्या चाळीतल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतायत. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 पासून चालतो, त्या मानाने आम्ही कोवळेच. तरी पन्नास म्हणजे पन्नास. परवा मीटिंगमध्ये ठरलं की सगळ्या कार्यकर्त्यांचा सत्कार करायचा. सगळ्या म्हणजे 64 जणांचा. एक उत्साही सभासद लगेच धोबीतलावला जाऊन नमुना घेऊन आला. अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी, वर बाप्पा, खाली सोनेरी अक्षरात ‘उत्कृष्ट कार्यकर्ता’. चौसष्टच्या चौसष्ट उत्कृष्ट! मागे बसलेले आमचे एक जुने काका हळूच म्हणाले, “माझ्याकडे अशा सात आहेत. एक बाथरूमच्या दाराला टेकण म्हणून लावलीय, दार वाऱ्याने आपटतं.”

सगळे हसले, पण माझ्या डोक्यातून ते दार जात नाहीये. म्हणून विचारतो. मंडळ, शाळा, सोसायटी, क्लब, काहीही असो. तुमच्या कामाची कोणी दखल घेतली आणि ती मनात राहिली, असं कधी झालंय का? फसलेले प्रयोगही सांगा, ते जास्त उपयोगी पडतील.

परळ, मंडळाचा माजी खजिनदार

आमच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावं आकड्यांच्या उतरत्या क्रमाने यायची, आणि राबणाऱ्यांसाठी शेवटच्या पानावर एक ओळ: ‘सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार’. आता हे अज्ञात कोण? रात्री दोन वाजता मंडपात ज्याच्या पायाला पाय लागतो तोच ना!

एका वर्षी जाहिरातीचं एक पान सोडलं आणि प्रत्येक नावापुढे त्याने काय केलं ते लिहिलं. ‘विसर्जनाला ट्रॉलीचं मागचं डावं चाक सांभाळलं.’ ‘अकरा दिवस नैवेद्याची ताटं घासली.’ ‘वायरिंग जळल्यावर पहाटेपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.’ टॉर्चवाल्या मुलाच्या आईने ते पान लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं. मी स्वतः पाहिलंय.

पण ह्याच अहवालात एक नाव राहिलं. पाण्याच्या ड्रमचं बघणारा मुलगा. पूर्वीच्या ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये तो आपोआप बसला असता. आता सगळ्यांची नावं आणि त्याचं नाही. तो पुढच्या वर्षी आला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. “काही नाही हो काका, असू दे,” म्हणाला, चहा पाजला, पण आला नाही. तेव्हा यादी करायची तर छापण्याआधी चार जणांना वाचायला द्या, आणि त्यातला एक मंडपात झोपणारा असू द्या.

दादर, प्राथमिक शाळेतली शिक्षिका

वाचनाच्या तासाला मी पुस्तकामागे एक चांदणी द्यायचे. दहा चांदण्यांना एक पेन. महिन्याभरात मुलं ग्रंथालयातली सगळ्यात बारीक पुस्तकं शोधायला लागली. अमेरिकेत 1973 साली छापून आलेला बालवाडीतला एक प्रयोग मला डी.एड.ला शिकवला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं स्केचपेनकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना काही न सांगता नंतर अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड टिकली. परीक्षेत मी हे उत्तर छान लिहिलं होतं आणि वर्गात नेमकं उलटं केलं!

चांदण्या बंद केल्या त्या दिवशी एकाने विचारलं, “बाई, मग आज नाही वाचलं तर चालेल?” पोटात गोळा आला. आता परिपाठाला रोज एक जण आपल्या पुस्तकातली एक गंमत सांगतो आणि ते पुस्तक कोणाला द्यायचं हे तोच ठरवतो. त्यासाठी नंबर लावून भांडणं होतात, ती मी मिटवत नाही.

घाटकोपर, गोविंदा पथक, तळाचा थर

फोटो एक्क्याचा, म्हणजे सगळ्यात वर चढणाऱ्याचा येतो. आमची फक्त टाळकी दिसतात, तीही वरून. पण आमच्या कोचची एक पद्धत आहे. थर उतरले की पाण्याची पहिली बाटली तळाला. एक्का असला तरी थांबतो. एवढंच.

भांडुप, रक्तदान शिबिरांचं काम करते

इथे जरा सावध करते. एका शिबिरात आयोजकांनी रक्तदात्याला ट्रॅव्हल बॅग ठेवली. रांग रस्त्यापर्यंत गेली, आयोजक खूश. टेबलावर मी फॉर्म भरून घेत होते. एक जण म्हणाला, शेवटचं रक्तदान सहा महिन्यांपूर्वी. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईची ताजी खूण. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर लागतं, ते उगाच नाही. आणि कावीळ, औषधं, जुने आजार ह्याबद्दल आपण माणसाच्या शब्दावर बरंच विसंबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं, ते ह्याच कारणासाठी. बॅग म्हणजे पैसेच, फक्त चेन लावलेले.

आता आम्ही चहा-बिस्किट आणि कार्ड देतो. शिवाय दोन दिवसांनी फोन: “चक्कर वगैरे नाही ना आली?” त्या फोनवर लोक किती बोलतात! एक आजोबा वयाची पासष्टी झाल्यामुळे आता रक्त देऊ शकत नाहीत, तर शिबिरात खुर्च्या मांडायला येतात.

मालाड, पूर्वी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना)

मी गुणांसाठी गेलो होतो, लाजायचं काय त्यात. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, एक सात दिवसांचं शिबिर, आणि विद्यापीठाचे 10 गुण. डायरीत तास चढवायचे उद्योगही केले. शिबिरात सरांनी माझ्याकडे अवजारांच्या खोलीची किल्ली दिली. घमेली, फावडी, पहारी मोजून द्यायची, मोजून घ्यायची. एक फावडं कमी भरलं तर मी अंधारात बंधाऱ्यावर शोधायला गेलो. सापडलं. तिसऱ्या वर्षी गुण मिळायचे नव्हते, तरी शिबिराला गेलो. सरांनी काही न बोलता किल्ली पुढे केली.

गोरेगाव, अर्थशास्त्र शिकवतो

आमच्या मंडळात एकदा ‘सर्वाधिक वर्गणी आणणाऱ्याला मोबाईल’ अशी घोषणा झाली. पहिल्या दोन दिवसांत टॉवरमध्ये वर्गणीला कोणी जायचं ह्यावरून मारामारी. चाळीकडे कोणी फिरकेना. तिथल्या एक आजी दरवर्षी 51 रुपये देतात, पावती डोळ्यांना लावून पर्समध्ये ठेवतात. त्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी स्वतः मंडपात आल्या: “मला विसरलात का रे?”

इस्रायलमध्ये शाळकरी मुलांना घरोघरी देणग्या गोळा करायला पाठवून एक अभ्यास झाला होता, 2000 साली छापला गेला. एका गटाला काहीच मोबदला नाही, एकाला जमलेल्या रकमेच्या एक टक्का, एकाला दहा टक्के. सगळ्यात जास्त पैसे फुकट फिरणाऱ्यांनी आणले. दहा टक्केवाले दुसरे, एक टक्केवाले सगळ्यात मागे. मी हे दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या मीटिंगला मात्र गप्प बसलो होतो, कारण मोबाईल माझ्या मेहुण्याच्या दुकानातला होता.

मुलुंड, सोसायटीची माजी सेक्रेटरी

मी जरा कडू बोलते. सहा वर्षं सेक्रेटरी होते. वार्षिक सर्वसाधारण सभेत पुष्पगुच्छ मिळाला, शाल मिळाली, आणि पुढच्या विषयाला त्याच माणसाने विचारलं, “गच्चीच्या गळतीत कोणी किती खाल्लं?” शाल खांद्यावरच होती अजून. मला कौतुक नको होतं. “पुढच्या वर्षी मी बघतो, तुम्ही बसा,” असं म्हणणारा एक माणूस हवा होता. राबणाऱ्याला शाल घालून पुन्हा त्याच खुर्चीत बसवणं ही आपली जुनी खोड आहे. ह्यावरही बोला कोणीतरी.

विरार ते चर्चगेट, निवृत्त

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये दसऱ्याच्या पूजेची सगळी धावपळ एक जण करायचा. हार, पताका, पेढे, मोटरमनला नारळ. बोरिवलीला चढायचा, त्यामुळे जन्मात खिडकी नाही, चौथी सीटसुद्धा नशिबाने. एका दसऱ्याला आम्ही विरारपासून खिडकी त्याच्यासाठी रुमाल टाकून अडवून ठेवली. आल्यावर उठलो आणि बस म्हणालो. अंधेरीपर्यंत तो बाहेरच बघत होता. कोणी भाषण केलं नाही, गर्दीत करणार तरी कसं!

शिवडी, भजनी मंडळ

आभारप्रदर्शन आधी घ्या हो. शेवटी घेता तेव्हा लोक चपला शोधत असतात आणि ज्यांचे आभार मानायचे ते सतरंज्या गुंडाळत असतात.

मूळ प्रश्न विचारणारा, लालबाग

सगळं मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. मुलुंडच्या ताईंचं वाचल्यावर आमचे अध्यक्ष बराच वेळ पंख्याकडे बघत होते. ट्रॉफ्यांची ऑर्डर थांबवलीय, अ‍ॅडव्हान्स मात्र परत मिळणार नाही, त्यामुळे दहा घ्याव्याच लागतील. त्या कॅरमच्या स्पर्धेला जातील.

काल रात्रीपासून 64 नावं लिहून पुढे काम लिहायला बसलोय. 61 झाली. तीन जणांपुढे काय लिहायचं ते सुचेना. दरवर्षी मंडपात असतात, पण करतात काय ते मला सांगता येईना. आज संध्याकाळी बाथरूमवाल्या काकांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, नावं वाचली आणि म्हणाले, “बस. ह्या तिघांचं सांगायला तासभर लागेल.”