मास्क लावला म्हणजे ट्रॅप बंद झाला की चालू?

अपूर्णांक:
"मॅक्रोचं नाव काहीही असो, हेडर उघडून बघायला काय होतं?" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. हेडर उघडूनच बोलतोय. ट्रॅप म्हणजे फ्लोटिंग-पॉइंट गणितात काही खटकलं की प्रोग्राम अडवणारी प्रोसेसरची सोय; तिचे बिट कंट्रोल रजिस्टरमध्ये असतात आणि हेडर फाइलमधले 'मास्क' मॅक्रो म्हणजे त्या बिटांना दिलेली नावं. ग्लिबसीत (ग्नूची सी लायब्ररी) एक्स८६ प्रोसेसरला 'मास्क_आयएम' म्हणजे इनव्हॅलिड (अर्थहीन गणित). मिप्स प्रोसेसरला 'मास्क_आय' म्हणजे इनएक्झॅक्ट (उत्तर नेमकं बसलं नाही), इनव्हॅलिडला 'व्ही'. तोच इनएक्झॅक्ट आर्मवर 'पीएम', पॉवरपीसीवर 'एक्सएम'. एवढं सोसलं असतं. पण एक्स८६वर मास्कचा बिट १ केला की ट्रॅप बंद होतो आणि पॉवरपीसीवर १ केला की चालू! पॉवरपीसीवरचा कोड मी ३२ बिटी एक्स८६वर आणला, मास्कचे सगळे बिट शून्य करणारी ओळ तशीच राहिली. १ भागिले ३ केलं तरी सिगएफपीई, म्हणजे गणिताची चूक म्हणून प्रोग्राम बंद. दोन रात्री गेल्या.

रजिस्टर:
नावं चिपच्या मॅन्युअलमधून येतात. हार्डवेअर वेगळं, तर नावं वेगळीच असणार. पोर्टेबल हवं असेल तर सी९९ या सी भाषेच्या मानकातलं एफईएनव्ही हेडर वापरा, एफई_इनव्हॅलिड सगळीकडे तेच आहे. कंट्रोल वर्डला, म्हणजे त्या मास्क-बिटांना थेट हात कशाला लावला?

अपूर्णांक:
सी९९मध्ये ट्रॅप चालू करायची सोयच नाही. ट्रॅप चालू करणारं फी-इनेबल-एक्सेप्ट हे फंक्शन ग्नूचं एक्स्टेन्शन आहे. आणि मॅन्युअलचं म्हणाल तर पॉवरपीसीचं मॅन्युअल व्हीई, झेडई, एक्सई म्हणतं. 'ई' म्हणजे इनेबल. त्याचा 'एम' हेडरवाल्यांनी केला. तुमच्याच नियमात हे नाव बसत नाही.

शून्यालगत:
नावांवर कसले भांडताय, फास्ट-मॅथवर बोला, जीसीसी कंपायलरच्या त्या अचूकता सोडून वेग घेणाऱ्या फ्लॅगवर. त्या फ्लॅगने बनवलेली एक शेअर्ड लायब्ररी नुसती लोड केली आणि माझ्या प्रोग्रामचे डीनॉर्मल (शून्यालगतचे अतिसूक्ष्म आकडे) शून्य झाले. क्ष आणि य वेगळे, वजाबाकी मात्र शून्य! जीसीसीने १३व्या आवृत्तीत शेअर्ड लायब्ररीपुरतं हे थांबवलं, तोवर आम्ही भोगलं.

रजिस्टर:
डीनॉर्मलमुळे लूप रखडला की काय होतं ते ऑडिओवाल्यांना विचारा. मला एफटीझेड (डीनॉर्मल उत्तराचं थेट शून्य करणं) लागतं.

शून्यालगत:
मग तुमच्या थ्रेडमध्ये लावा ना! माझ्या एमएक्ससीएसआरमध्ये (एक्स८६वर हे सेटिंग ठेवणारं रजिस्टर) हात घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

रजिस्टर:
आवाज खाली. मी कुणाच्या रजिस्टरला हात लावलेला नाही, माझ्या लायब्ररीत तो फ्लॅग कधीच नव्हता.

अपूर्णांक:
दोघंही थांबा. एफटीझेडचंही तेच दुखणं आहे: एक्स८६ला बिट १५, आर्मच्या ६४ बिटीला एफपीसीआर रजिस्टरचा बिट २४, आणि सी९९मध्ये त्याला नावच नाही. प्रत्येक प्रोजेक्ट आपापला मॅक्रो लिहितो.

रजिस्टर:
बरं, 'मास्क' नावाने इनेबल बिट देणं चूक, एवढं मान्य. फक्त एवढंच. पण जुनी नावं काढलीत तर चालू कोड मोडेल. शेजारी 'इनेबल' नावं घाला, जुनी राहू द्या. आणि रिस्क-व्ही प्रोसेसरवर असले ट्रॅपच नाहीत, तिथे एकसारखेपणासाठी खोटे मॅक्रो घालू नका.

अपूर्णांक:
खोटे नकोतच. जिथे सोय नाही तिथे मॅक्रोच नसावा, म्हणजे कोड कंपाइल होतानाच अडेल. त्या दोन रात्री मला तेवढंच हवं होतं.